कच्च्या रांजणांची भरपाई

ईस्टर होऊन आठवडा झाला होता. सकाळी ग्रामितोन शेडचं दार ढकलून आत गेला, तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. झुझुना गोठ्यात गाईची धार काढत होती. बादली फळीवर ठेवून ती शेडकडं गेली. नवरा पालथ्या घमेल्यावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. समोर तीन रांजण पडले होते. पडले होते म्हणजे रांजण राहिलेच नव्हते. नुसते ओल्या मातीचे ढीग होते आणि त्यातून कुठं एखादी वाकडी कड वर आलेली.

फेब्रुवारीपासून तो त्या तिघांना वाढवत होता. मातीची मनगटाएवढी जाड वळी करायची, कडेवर बसवायची, आतून बाहेरून थापायची आणि मग दिवसभर नुसतं थांबायचं. दिवसाला चार बोटं, जास्त नाही. त्यात यंदाचा वसंत असा चिकट की माती वाळता वाळत नव्हती. दोघं नवराबायको आलटून पालटून शेडमध्ये शेगडी पेटवून बसले होते. रांजण त्याच्या खांद्याला लागले होते. सप्टेंबरच्या शेवटी द्राक्षं उतरतात. त्याआधी ते भाजून, आतून मेण फासून, वाईन मुरवण्यासाठी जमिनीत पुरायला तयार हवे होते.

"पाय बघ," ग्रामितोन म्हणाला.

मातीत बुटांचे ठसे होते. फार मोठे नव्हते.

दुपारपर्यंत गावाला कळलं. बोंदोचा जाबा, सोळा वर्षांचा. कुणाच्या तरी वाढदिवसाला वाईन पिऊन तीन पोरं घरी चालली होती. दोघं कुंपणाबाहेर उभं राहून हसत होती, आत गेला तो जाबा. पोलिसानं विचारल्यावर त्यानं लगेच कबूल केलं. का केलं, ते मात्र सांगितलं नाही.

दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर ग्रामितोननं चार शिव्या घालून, एक मुस्काटात ठेवून प्रकरण मिटवलं असतं. पण हा बोंदोचा होता.

बोंदोची नदीकाठी लाकूड कापायची गिरणी. एकोणीस वर्षांपूर्वी त्या गिरणीतून तारेचं एक भेंडोळं चोरीला गेलं होतं. चोरणारा वाझा, ग्रामितोनचा एकुलता एक, पंधरा वर्षांचा. तार भंगारात विकून त्याला फुटबॉलचे बूट घ्यायचे होते. ते दिवसच असे होते की चोराचं वय कुणी बघत नव्हतं. ग्रामितोन गिरणीवर गेला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभा राहिला. तारेच्या दुप्पट तार आणून देतो म्हणाला. बोंदो करवत बंद न करताच ओरडून म्हणाला, "आज तुझ्या पोराला सोडलं तर उद्या गाव माझी गिरणी उचलून नेईल!" सगळ्या कामगारांनी ते ऐकलं.

वाझाला तीन वर्षांची कैद झाली. अठराव्या वर्षी सुटून आला तेव्हा त्याचे पुढचे दोन दात नव्हते, आणि दार लावलेलं असलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. दोन वर्षं तसाच घरात राहून तो पोलंडला कामाला गेला. दर रविवारी फोन करायचा. इथं पाऊस आहे. तुमच्याकडं? बरं. ठेवतो.

मे महिन्यात तालुक्याहून थिनातिन आली. पन्नाशीची बाई, पायात चिखलानं भरलेले बूट, खांद्याला फायलींची पिशवी. ज्यानं नुकसान केलं आणि ज्याचं झालं, त्या दोघांना समोरासमोर बसवून करार घडवायचा, हे तिचं काम. झुझुनानं तिच्यापुढं मक्याची भाकरी आणि चीज ठेवलं.

"सरकारी वकिलांची मान्यता आहे," थिनातिन म्हणाली. "पोराचा पहिलाच गुन्हा, कबूलही केलाय. कोर्टात न नेता करार करता येतो. तुमच्याकडं काम करून तो भरपाई करेल, शाळा सोडायची नाही, दारूला शिवायचं नाही. मी दर पंधरा दिवसांनी येऊन बघणार. करार मोडला तर कागद परत कोर्टाकडं."

"मग मला कशाला विचारताय?"

"नुकसान तुमचं झालंय, काका. तुम्ही समोर बसलात तर त्याला काही अर्थ."

"बाई, माझ्या पोराच्या वेळी ही पिशवी घेऊन कुठं होता तुम्ही?"

थिनातिननं हातातला घास खाली ठेवला. "तेव्हा असं काही नव्हतंच."

"नव्हतं ना? मग याच्याच वाट्याला का असावं?"

फायली पिशवीत भरून ती गेली. झुझुना ताटल्या उचलत होती. नवऱ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "बसायला जा तू."

"तू मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही, सांगते. तीन वर्षं मी त्या खिडकीत बसून काढलीत. आता बोंदोची बायको तशीच बसली की मला बरं वाटेल, असं वाटतं तुला? नाही वाटत. या आठ दिवसांत मनातल्या मनात बसवून बघितलं मी तिला."

शाळेच्या एका वर्गात बैठक झाली. बाकं लहान मुलांची. बोंदो आडदांड माणूस, त्याचं पोट बाकाच्या फळीत अडकलं. शेजारी जाबा, मान खाली, नखं कुरतडत. थिनातिननं सुरुवात करून दिली तसा बोंदो उठायला गेला, अडकला, अर्धवट उभा राहूनच बोलायला लागला. "ग्रामितोन, पोरानं गाढवपणा केला. माझं तोंड काळं झालं. तू म्हणशील ते—"

"तुझं नको," ग्रामितोन म्हणाला. "रांजण तू फोडलेस काय? त्याला बोलू दे."

बोंदो खाली बसला.

"चूक झाली," जाबा बाकाकडं बघत म्हणाला.

"ते मला दिसलंय. पुढं?"

जाबानं पुन्हा नखं तोंडात घातली. ग्रामितोननं सही केली. नवे रांजण भट्टीतून निघेपर्यंत, शाळा असताना आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी, सुट्टी लागली की रोज.

पहिल्या दिवशी पहाटे झुंजुमुंजू झालं तेव्हा शेडमागं ढकलगाडीच्या चाकाची कुरकुर ऐकू आली. ग्रामितोन बाहेर आला. टेकडीवरची माती भरलेली गाडी ढकलत बोंदो येत होता. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. तीन खेपा करून झाल्या होत्या.

"हे काय?"

"पोराची परीक्षा आहे रे. तोवर मी करतो. माती तर माती, कुणी आणली तिला काय कळतंय?"

"मला कळतंय. ओत परत."

"काय?"

"टेकडीवर नेऊन ओत. तो संध्याकाळी येईल, तो आणेल."

दूध घेऊन जाणाऱ्या दोन बाया रस्त्यावर थबकून बघत होत्या. बोंदोनं त्यांच्याकडं बघितलं, ग्रामितोनकडं बघितलं, आणि गाडी वळवली. दुसऱ्या दिवशी त्यानं भाजलेल्या डुकराची एक तंगडी आणि वाईनची बरणी पाठवली. झुझुना दोन्ही परत नेऊन त्याच्या फाटकाला टांगून आली.

जाबा यायला लागला. तीन आठवडे ग्रामितोन त्याच्याशी कामापलीकडं एक अक्षर बोलला नाही. माती आण. पाणी घाल. तुडव. शेडच्या मागं जमिनीवर माती पसरून ती अनवाणी पायांनी तुडवायची. खडा लागला की वाकून काढायचा, परत तुडवायची. लोण्यासारखी होईपर्यंत. पहिल्या दिवशी पोराच्या टाचा फुटल्या. दुसऱ्या दिवशी तो कसाबसा लंगडत आला. झुझुनानं पायांना लावायला चरबी दिली, तर ती हातात धरून तसाच उभा राहिला. लावावी की नको, ते त्याला कळेना.

रस्त्यानं जाणारी पोरं कुंपणावरून ओरडायची, "जाबा, कितवा महिना? रांजणीण कधी बाळंत होणार?" तो वर बघायचा नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल व्हायच्या.

जूनमध्ये ऊन धरलं. शाळा सुटली. ग्रामितोननं तीन नवे तळ बसवले, त्यावर वळ्या चढायला लागल्या. वळ्या करून द्यायचं काम पोराकडं आलं. सुरुवातीला त्याच्या वळ्या मध्येच बारीक व्हायच्या, ग्रामितोन काही न बोलता चुरगाळून परत गोळ्यात टाकायचा. एका दुपारी चाळीस वळ्यांतल्या चाळीसही परत गेल्या. दुसऱ्या दिवशी दोन राहिल्या. जुलै लागेस्तोवर बऱ्याच राहू लागल्या.

अशाच एका दुपारी, वळी लांबवता लांबवता, पोरगा एकदम म्हणाला, "पहिला चुकून पडला."

ग्रामितोनचा हात कडेवर होता, तो थांबला नाही.

"पैज लागली होती, आत उतरून दाखवायची. मी कडेवर पाय दिला आणि ती खाली बसली. सगळीच. मला वाटलं होतं ते दगडासारखं असेल. बाहेर ते दोघं हसत होते. मग..."

"मग?"

"मग मीही हसायला लागलो. आणि दुसरे दोन फोडले. म्हणजे मुद्दाम केलं असं वाटावं. पडलो, घाबरलो असं वाटू नये."

ग्रामितोननं ओलं फडकं कडेवर पसरलं. "शाळेत का नाही सांगितलंस हे?"

"बाबा होते ना तिथं."

त्या दिवशी जेवताना ग्रामितोननं घेवड्याचं कालवण पोराच्या ताटात स्वतः वाढलं. झुझुना बघत राहिली.

मग जाबा थोडा मोकळा झाला. झुझुनाच्या मागं मागं राहून बोलायला लागला, तिला पाणी आणून द्यायला लागला. एकदा ती अंगणात मका सोलत होती तेव्हा त्यानं विचारलं, "काकू, वाझादादा पण ही कामं करायचा?"

"करायचा. वळ्या तुझ्याहून बऱ्या करायचा."

"तो आत होता ना? कशापायी?"

झुझुनानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. गावानं एवढी वर्षं त्याच्यासमोर तोंड शिवून ठेवलं होतं की काय, कुणास ठाऊक. खोटं सांगावं असं तिला वाटलं, पण जीभ वळेना. "तुमच्या गिरणीतली तार चोरली म्हणून. तुझे काका गेले होते हात जोडायला. तुझ्या बाबांनी नाही सोडलं."

पोरानं हातातलं कणीस सोलून पूर्ण केलं, उठला, पाय धुतले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी थिनातिनचा फोन आला, उद्या येते बघायला, सगळं ठीक ना?

ग्रामितोन फोन कानाला धरून शेडच्या दारात उभा होता. आत तीन रांजण कमरेच्या वर आले होते. एक शब्द पुरे होता. येत नाही एवढं म्हटलं की झालं. खोटंही नव्हतं ते.

"परवा या," तो म्हणाला. "उद्या भट्टीचं काम आहे."

"पोरगा येतोय ना, काका?"

"परवा या म्हटलं ना बाई."

फोन ठेवून त्यानं हात धुतले, स्वच्छ शर्ट घातला आणि नदीकडं चालायला लागला. एकोणीस वर्षं तो गिरणीचा रस्ता टाळून वरच्या वाटेनं जात असे. बोंदोच्या फाटकाची कडी कशी उघडते तेही त्याला आठवेना. बोंदोची बायको ओट्यावर बसली होती. त्याला बघून ती उठली आणि तिनं तोंडावर हात धरला.

बोंदो आतून आला. दाढी वाढलेली. "करार मोडायला आलास," तो म्हणाला. "मोड. मी काय बोलणार?"

"पोरगा कुठं आहे?"

पोरगा घरामागं लाकडं फोडत होता. एक गाल सुजलेला, डोळ्याखाली निळं. बापाला काहीतरी विचारलं असणार, आणि बापानं हातानं उत्तर दिलेलं दिसत होतं.

"माती मळून ठेवलीय," ग्रामितोन म्हणाला. "चार दिवस फडक्याखाली आहे. आणखी दोन दिवसांत वाळून खडक होईल."

जाबानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "काका, मी कुठल्या तोंडानं येऊ?"

"तोंडाचं काम नाही तिथं. हातापायाचं आहे."

पोरगा वळून उभा राहिला, बाहीनं नाक पुसलं. ग्रामितोन थांबला. घाई केली नाही.

बोंदो मागं येऊन उभा होता. "ग्रामितोन, तेव्हा मी जर... मला वाटलं होतं चार दिवस ठेवतील, दम देतील. तीन वर्षं देतील हे मला..." त्यानं दाढीवरून हात फिरवला. "एकदा तक्रारीवर सही केल्यावर ती मागं घ्यायची लाज वाटली. एवढंच होतं ते. लाज."

"मला नको सांगू."

"मग कुणाला सांगू?"

"मी त्याचा बाप. तीन वर्षं मी काढली नाहीत." ग्रामितोननं जमिनीवरचा एक फळीचा तुकडा उचलला, कानामागची पेन्सिल काढली आणि वाझाचा नंबर त्यावर लिहिला. फळी बोंदोच्या हातात दिली. मग पोराला म्हणाला, "उद्या सहाला ये. आणि तू, बोंदो, करारात मारहाण लिहिलेली नाही. परत दिसली तर मीच त्या बाईला सांगेन."

सहाच्या आधीच पोरगा आला.

ऑगस्टच्या शेवटी रांजण भट्टीत चढले. सहा माणसांनी दोर लावून, फळ्यांवरून एकेक आत सरकवला. दार विटांनी चिणलं, खाली तोंड तेवढं ठेवलं. सात दिवस जाळ. आधी मंद, कोवळा, मग हळूहळू चढता. जाबा सकाळी यायचा आणि दिवस मावळेपर्यंत तोंडाशी बसायचा. भुवया जळून त्याचा चेहरा कोरा दिसत होता. कधी लाकूड घालायचं, कधी नुसते निखारे ओढायचे, ते तो आता न विचारता करत होता.

चौथ्या दिवशी दुपारी बोंदो गिरणीतलं लाकूड गाडीत भरून घेऊन आला. गाडी उभी केली आणि बराच वेळ खाली उतरला नाही. मग येऊन ग्रामितोनशेजारी उकिडवा बसला.

"केला फोन," तो म्हणाला. "माझं नाव सांगितलं. मग सगळं बोललो. तो ऐकत होता. मागं यंत्राचा आवाज येत होता. शेवटी म्हणाला, जेवणाची सुट्टी संपली, काम आहे. ठेवला."

ग्रामितोननं सळईनं निखारे पसरले. घाम त्याच्या नाकावरून ठिबकत होता.

"तुझी लाकडं ओली आहेत," तो म्हणाला.

"वरची ओली. खालची कोरडी आहेत."

"मग खालची काढ."

बोंदोनं शर्ट काढून कुंपणावर टाकला आणि गाडीतली लाकडं उतरवायला लागला. या वेळी ग्रामितोननं त्याला परत पाठवलं नाही. बापलेक दोघं दोन बाजूंनी लाकूड रचत होते, एकमेकांशी न बोलता. पण एक मोठा ओंडका आला तेव्हा दोघांनी मिळून उचलला.

भट्टी निवल्यावर दार फोडलं. दोन रांजण लालबुंद, टिचकी मारली की घंटेसारखे वाजणारे. तिसऱ्याला पोटातून वरपर्यंत तडा गेलेला. जाबा त्या तड्यावर बोट ठेवून उभा राहिला, चेहरा राखेसारखा.

थिनातिन त्याच दिवशी शेवटचा कागद घेऊन आली. बाकावर बसून तिनं विचारलं, "नुकसान भरून निघालं, असं लिहू ना?"

"दोन भरून निघाले लिहा."

"आणि तिसरा?"

पोरगा ऐकत होता. ग्रामितोन म्हणाला, "पाचव्या दिवशी जाळ वाढवायची घाई मी केली. तो म्हणत होता थांबा. तिसरा माझ्या खात्यावर." आणि त्यानं सही केली.

जाबाचा करार संपला होता, पण रांजण कोमट आहेत तोवर आतून मेण फासायचं होतं, म्हणून तो राहिला. ग्रामितोन मेण वितळवत होता. झुझुना स्वयंपाकघरात भाकरी थापत होती तेव्हा फोन वाजला. रविवार नव्हता, गुरुवार होता. पिठाच्या हातानंच तिनं उचलला.

"आई," वाझा म्हणाला.

"काय झालं रे? बरा आहेस ना?"

"बरा आहे." मग त्यानं विचारलं, "आई, तो पोरगा अजून येतोय?"

"आज शेवटचा दिवस. बाहेर आहे, मेणाचं काम चाललंय."

"त्याला काय म्हणून हाक मारता तुम्ही?"

झुझुनाला प्रश्न कळेना. "जाबा. जाबा नाव आहे त्याचं."

"नावानंच?"

"मग काय म्हणून हाक मारणार?"

वाझा हसल्यासारखं काहीतरी झालं. "मला आत आडनावानं हाक मारायचे. आडनाव आणि आकडा. तीन वर्षांत एकदाही कुणी वाझा म्हटलं नाही. सुटून गावात आलो तर तार्‍या म्हणायचे. त्या दुकानापाशी, आठवतं? तार्‍या आला, तार्‍या आला."

तिला आठवत होतं. चौदा वर्षं फोनवर पाऊस आणि थंडी बोलून झाली होती. हे तो आज पहिल्यांदा बोलत होता. झुझुनाला रडू फुटेल असं वाटलं, पण फुटलं नाही. तिनं फोन कानापासून काढला, दारात गेली, फोन धरलेला हात अंगणाकडं लांब केला आणि गरज होती त्याहून मोठ्यानं ओरडली, "जाबा! ए जाबा! हात धू अन् जेवायला ये!"

"आलो, काकू!" भट्टीमागून आवाज आला.

तिनं फोन परत कानाला लावला. वाझानं ठेवला नव्हता.